युरोपात पाणी विकत घेण्याआधी नळ शोधा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या प्रवास पुरवणीत उन्हाळ्यात युरोपला जाणाऱ्यांसाठी सूचनांचं एक पान होतं. कपडे, विमा, रेल्वेचे पास, सगळं नीट लिहिलं होतं. पण तिथं पाणी महाग असतं, तेव्हा बाटल्यांसाठी रोजचे वेगळे पैसे काढून ठेवावेत, हा सल्ला वाचला आणि राहवेना, म्हणून हे पत्र. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघीच, रोम, व्हेनिस, व्हिएन्ना, बाझल, नीम आणि पॅरिस असं फिरून आलो. त्या सहा आठवड्यांतलं मला सर्वांत जास्त काय आवडलं असं कुणी विचारलं, तर मी पाणीच सांगते. लोकांना वाटतं मी नोकरीची सवय म्हणून बोलते. तसं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

रोममध्ये पहिल्याच दिवशी घोळ झाला. आमची तिकिटं काढून देणाऱ्यानं, तिथल्या नळाचं पाणी तोंडात घालू नका, असं चारचारदा बजावलं होतं. कोलोसियमबाहेर आम्ही एक बाटली घेतली आणि दोघींत पुरवून पुरवून प्यायलो. दुसरी घ्यायला ताई तयार होईना. तिचा सगळा जन्म काटकसरीत गेलेला. दुपारी ट्रास्टेवेरेच्या एका गल्लीत ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, “अगं, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.” ताई सदुसष्ट वर्षांची आहे. माझ्या पोटात गोळा आला.

समोर एक भाजीवाली दुकान आवरत होती. तिनं हातातली पेटी तिथंच ठेवली, आतून खुर्ची आणली, ताईला बसवलं आणि माझ्या हातातली रिकामी बाटली ओढून घेतली. दहा पावलांवर कंबरेएवढा, राखाडी रंगाचा ओतीव लोखंडाचा खांब होता. त्याच्या वाकड्या नळीतून पाणी सतत वाहत होतं. मी ते मघाशीच पाहिलं होतं, पण हात धुवायचं असेल म्हणून सोडून दिलं होतं. बाईनं बाटली भरून दिली, रुमाल भिजवून ताईच्या मनगटांवर आणि मानेवर ठेवला. मग मला जवळ बोलावून गंमत दाखवली. नळीचं तोंड तिनं बोटानं दाबलं, तसं नळीच्या पाठीवरच्या बारीक भोकातून पाण्याची धार वर उसळली. वाकावं लागत नाही, तोंड लावावं लागत नाही, उभ्या उभ्या प्यायचं. पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले.

त्या खांबाला तिथं ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. १८७४ पासून ते बसवायला सुरुवात झाली आणि आज शहरात सुमारे अडीच हजार आहेत. चावी नाही, तोटी नाही, रात्रंदिवस वाहतात. आमच्या खात्यातल्या माणसाला वाहता नळ दिसला की हात आपोआप चावी शोधतो, तसा माझाही शोधत होता. पण चार दिवस बघितल्यावर त्यामागचा विचार पटायला लागला. पाणी नळात साचून राहत नाही, म्हणून ते गार राहतं आणि शिळं होत नाही. २०१७ च्या दुष्काळात त्यांनाही काही नासोने बंद करावे लागले होते, म्हणजे प्रश्न त्यांच्याही पुढे आहे. तरीसुद्धा भर उन्हात चालणाऱ्या कुणालाही, त्याच्या खिशात काय आहे ते न विचारता, पाणी मिळतं. मी नोकरीत सार्वजनिक नळकोंडाळी बंद करण्याच्या फायलींवर सह्या केल्या आहेत, तेव्हा ते बघून मला काय वाटलं हे शब्दांत सांगता येणार नाही. ताई अर्ध्या तासात उठली. भाजीवालीला पैसे देऊ केले तर तिनं आमच्याच पिशवीत दोन पीच टाकले.

ट्रेवीचं कारंजं सगळेच बघतात. गर्दीत आम्हीही पाहिलं, नाणं टाकलं. मला त्याची दुसरी बाजू आवडली. इ. स. पूर्व १९ मध्ये अग्रिप्पा या रोमन सेनापतीनं रोममध्ये ‘आक्वा व्हिर्गो’ हा जलमार्ग आणला. तो बहुतेक जमिनीखालून येतो. मधल्या काळात तो नादुरुस्त झाला, पंधराव्या शतकात पोपनं दुरुस्त करून घेतला, आणि १७६२ साली पुरं झालेलं हे कारंजं त्याच मार्गाच्या टोकाला आहे. दोन हजार वर्षांच्या वाहिनीचा टेल एंड, म्हणजे अगदी शेवटचं टोक! आमच्याकडे टेल एंडला दाब मिळत नाही म्हणून किती मोर्चे आले असतील.

व्हेनिस महाग, गजबजलेलं, आणि तरीही मी उद्या परत जाईन. गोंडोल्याची हौस आम्ही ‘ट्रागेत्तो’वर भागवली; ग्रँड कॅनॉलच्या या काठावरून त्या काठावर नेणारी ती साधी होडी, माणशी दोन युरो. पण माझा जीव अडकला तो चौकांमधल्या विहिरींत. जवळजवळ प्रत्येक चौकात मधोमध कोरीव दगडाचा, कमरेएवढा कठडा असतो, वर लोखंडी झाकण. लोक त्याला टेकून आइस्क्रीम खातात. चारी बाजूंना खारट पाणी असलेल्या शहरात विहीर कशी, हा प्रश्न मला पहिल्या संध्याकाळीच पडला. उत्तर पायाखाली होतं. चौकाची फरशी चार ठिकाणी हलकीशी उतरती आहे आणि तिथं भोकं असलेले दगड बसवले आहेत. पावसाचं पाणी त्यातून खाली जातं. खाली चिकणमातीनं लिंपलेला मोठा खड्डा आहे, त्यात वाळू भरलेली, आणि मधोमध विटांची उभी नळी. वाळूतून गाळत गाळत पाणी त्या नळीत झिरपायचं आणि वरून पोहऱ्यानं काढायचं. म्हणजे अख्खा चौक हाच जलशुद्धीकरण केंद्र! १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं आणि या विहिरी बंद झाल्या. मी गुडघ्यावर बसून त्या भोकांच्या दगडावर हात फिरवत होते, तर ताईनं कठड्याच्या पायाशी कोरलेली छोटी दगडी पाळ दाखवली. ती मांजर-कुत्र्यांसाठी होती. आराखड्यात जनावरांची सोय धरणारा अभियंता कोण होता कुणास ठाऊक. त्याला मी तिथंच मनातून नमस्कार केला.

रात्रीच्या गाडीनं व्हिएन्नाला पोचलो. तिथं कॉफीबरोबर छोट्या धातूच्या तबकात पाण्याचा पेला येतो, त्यावर चमचा पालथा ठेवलेला. मागावा लागत नाही, पैसे पडत नाहीत. पहिला घोट घेतला आणि मी ताईला म्हटलं, हे विहिरीचं किंवा नदीचं पाणी नव्हे. खरंच ते डोंगरातल्या झऱ्याचं असतं. एकोणिसाव्या शतकात शहरात पटकी आणि विषमज्वर होता. एडुआर्ड झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञानं आल्प्समधून पाणी आणायची योजना मांडली आणि १८७३ मध्ये सुमारे ९० किलोमीटरची पहिली वाहिनी सुरू झाली. १९१० मध्ये सुमारे १८० किलोमीटरची दुसरी. दोन्ही गुरुत्ववाहिन्या! वाटेत पंप नाही. झऱ्यातून निघालेलं पाणी नुसत्या उतारानं एक-दीड दिवसात शहरात पोचतं. उलट जास्तीच्या दाबावर वाटेत वीज तयार करून घेतात. रात्री तीनला पंप बंद पडल्याचे फोन ज्यानं वर्षानुवर्षं घेतले आहेत, त्यालाच ‘पंप नाही’ या दोन शब्दांचा गोडवा कळेल.

मी हट्ट धरला आणि राजवाडा सोडून एक रविवार आम्ही पहिल्या वाहिनीच्या झऱ्यापाशी, कायझरब्रुनला घालवला. झेमेरिंगच्या जुन्या डोंगरी रेल्वेमार्गावर उतरून बसनं श्वार्त्झा नदीच्या अरुंद खोऱ्यात जायचं. झऱ्यापाशी वाहिनीचं छोटं संग्रहालय आहे आणि तिथून वाहिनीच्या सोबतीनं पायवाट जाते. खाली हिरवी नदी, वर चुनखडीचे कडे. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही तासभरच चाललो. पण नदीत पाय सोडून बसलेल्या ताईनं जे म्हटलं ते अजून कानात आहे: “तू एवढी वर्षं रात्रीबेरात्री जायचीस, ते हे पाणी घरात येण्यासाठी होय गं?” एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल घरातून आलेला तो पहिला प्रश्न होता.

आता बाझल. सगळ्या प्रवासातला माझा सर्वांत आनंदाचा दिवस तिथला. स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनी जिथं भेटतात तिथं हे शहर आहे आणि मधून ऱ्हाईन वाहते. संध्याकाळी कचेरीतून सुटलेली माणसं काठावर येतात, कपडे, बूट, फोन सगळं माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत भरतात, तोंड सात वेळा गुंडाळून कडी लावतात, आणि ती पिशवी धरून नदीत उतरतात. प्रवाह घरापर्यंत नेऊन सोडतो. मी लहानपणी विहिरीत पोहायला शिकले, पाण्याची भीती नाही. तरी एवढ्या मोठ्या नदीत उतरताना छाती धडधडत होती. मी पिशवी विकत घेतली आणि काठावरचा फलक नीट वाचला. पोहायचं ते उजव्या काठानं, कारण दुसऱ्या बाजूनं मालवाहू जहाजं जातात, आणि पुलांच्या खांबांपासून लांब राहायचं. माझ्याच वयाची एक बाई शेजारी पिशवी भरत होती. तिनं खुणेनं विचारलं, पहिल्यांदा? मी मान हलवली. ती हात धरून मला पायऱ्यांवरून घेऊन गेली.

पाणी गार होतं, बोचणारं नव्हतं. दोन हात मारले आणि कळलं की मारायची गरजच नाही. पिशवीवर हनुवटी टेकली आणि शहर माझ्या बाजूनं सरकायला लागलं. लाल दगडाचं जुनं कॅथेड्रल, त्याचे दोन निमुळते मनोरे, काठावर पाय सोडून बसलेली पोरं. कान पाण्याखाली गेले की बारीक चरचर ऐकू येते. तळाचे गोटे प्रवाहात घासतात त्याचा तो आवाज. ऱ्हाईन वाहत असल्याचं मी ऐकलं, संपादक महोदय, अक्षरशः ऐकलं.

ताईला पोहता येत नाही. ती तोवर कॅथेड्रलखालच्या नावेत बसली होती. बाझलमध्ये अशा चार नावा आहेत, आणि एकीलाही इंजिन नाही. नदीवर आडवी तार ताणलेली असते, नाव त्या तारेला दोरानं बांधलेली, आणि नावाडी फक्त तिचा कोन बदलतो. प्रवाहच तिला ढकलून पलीकडे नेतो. परत येताना कोन उलटा. पहिली नाव १८५४ साली सुरू झाली. मी वाहत वाहत त्या तारेखालून जात होते आणि वर लाकडी नावेत माझी ताई, पदर खोचून, उभी राहून दोन्ही हात हलवत होती. नावाड्यानं तिला बसायला सांगितलं, ती काही बसली नाही. आमची आई गेल्यापासून तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दक्षिण फ्रान्समधल्या नीमला आम्ही पों द्यू गार या रोमन पुलासाठी गेलो. पहिल्या शतकातला तीन मजली कमानींचा तो पूल जवळजवळ ४९ मीटर उंच आहे. चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. चित्रात दिसत नाही ते असं, की हा पूल माणसांसाठी नव्हता, पाण्यासाठी होता. सुमारे ५० किलोमीटरचा जलमार्ग आणि सगळा मिळून उतार जेमतेम साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरला सरासरी पाव मीटर! आजच्यासारखं लेव्हलिंगचं, म्हणजे चढउतार मोजायचं, यंत्र नसताना! पुलाखाली गार्दों नदीत तिथली मुलं दुपारभर डुंबत होती, आम्हीही खडकावर बसून पाय गार केले.

पण त्या शहरात ज्यासाठी माझे डोळे भरून आले ती जागा बघायला आमच्याखेरीज कुणी नव्हतं. एका चढाच्या रस्त्यावर, घरांच्या मध्ये, कठड्यापलीकडे, एक गोल, उथळ दगडी हौद आहे. ५० किलोमीटर चालून आलेलं पाणी इथं पोचायचं. एका बाजूला चौकोनी तोंड, पाणी आत येण्यासाठी. समोरच्या भिंतीत दहा गोल भोकं, प्रत्येकाला शिशाची नळी, आणि तिथून शहराच्या वेगवेगळ्या भागांना वाटप. तळाशी आणखी तीन भोकं आहेत, ती हौद रिकामा करायला असावीत. मी ताईला म्हटलं, “हा बघ आपला वितरण हौद. इथं बसून कुणीतरी कुणाला किती पाणी सोडायचं ते ठरवत असणार.” कुणाच्या भागाला कमी, कुणाला जास्त, यावरून तेव्हाही भांडणं झालीच असतील. पत्रावळीएवढी ती दहा भोकं मी तीनतीनदा मोजली.

पॅरिसला पोचलो तेव्हा उष्णतेची लाट नुकतीच येऊन गेली होती. १ आणि २ जुलैला आयफेल टॉवरचा माथासुद्धा पर्यटकांना बंद ठेवला होता. तिथं रस्त्यांवर गडद हिरवी कारंजी दिसतात, चार स्त्रिया डोक्यावर घुमट तोलून उभ्या आणि मधून पाण्याची बारीक धार. १८७०-७१ मध्ये जर्मन सैन्याच्या वेढ्यात आणि त्यानंतरच्या यादवीत पाण्याचे हाल झाल्यावर रिचर्ड वॉलेस या इंग्रज गृहस्थानं १८७२ पासून ती स्वखर्चानं उभारली. पूर्वी साखळीला बांधलेला पेला असायचा. १९५२ मध्ये आरोग्याच्या कारणानं तो काढला. हॉटेलात जेवायला बसलात तर ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट आणून देणं तिथं बंधनकारक आहे. आम्ही ज्या ठिकाणी उतरलो होतो, तिथं मात्र पहिल्या दिवशी न मागता बाटली ठेवली आणि बिलात लावली. मी शांतपणे ते हवे असलेले दोन शब्द बोलले, बिल दुरुस्त झालं.

आणि सेन नदी. १९२३ पासून तिच्यात पोहायला बंदी होती. ५ जुलै २०२५ ला तीन ठिकाणी पोहणं पुन्हा खुलं झालं, आणि तेही फुकट. शंभर वर्षांत तिथं काय बदललं ते बाहेरून दिसत नाही, कारण काम जमिनीखाली आहे. जुन्या शहरात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून जातं. मोठा पाऊस झाला की ते नदीत ओसंडतं. म्हणून ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ त्यांनी ५० मीटर व्यासाची, ३० मीटर खोल टाकी बांधली. पावसाचं पाणी तिथं धरून ठेवायचं, मग सावकाश शुद्धीकरणाकडे सोडायचं. टाकी जमिनीखाली, वर काही नाही; फोटो काढण्यासारखं काहीच नाही. तरीही भरपूर पाऊस झाला की तपासणी होते आणि पोहणं थांबवतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा लाल झेंडा होता. लोक कुरकुरत परतत होते. मला त्या झेंड्याचा आदर वाटला. नमुना नापास आला तर तसं जाहीर सांगायला धैर्य लागतं, हे मला पक्कं माहीत आहे.

दोन दिवसांनी हिरवा होता. इल सँ लुई बेटासमोर, कमरेला पिवळा फुगा बांधून, मी सेन नदीत वीस मिनिटं पोहले. ताई काठावर माझी पिशवी सांभाळत बसली होती, शेजारच्या फ्रेंच आजीबाईंना हातवारे करून सांगत होती की पाण्यात आहे ती माझी धाकटी बहीण, इंजिनियर आहे.

संपादक महोदय, पुरवणीत पुढच्या वेळी पैसे काढून ठेवण्याच्या सूचनेऐवजी हे छापावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. रिकामी बाटली बरोबर न्यावी. इटलीत नळावर ‘आक्वा पोताबिले’, ऑस्ट्रिया आणि जर्मन-भाषिक स्वित्झर्लंडमध्ये ‘ट्रिंकवासर’, फ्रान्समध्ये ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं पाणी. इटलीत आधी ‘नॉन’, जर्मनमध्ये ‘काइन’ किंवा फ्रेंचमध्ये ‘नों’ दिसलं तर पिऊ नये. सत्तरीकडे झुकलेल्या माणसांनी तर हे शब्द कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. ताईच्या पाकिटात तो कागद अजून आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शाखा अभियंता, पाणीपुरवठा